कात्री, डोअरकीपर आणि आपण

निपाणीच्या एका टॉकीजच्या दारात १९८५ साली मी पाच मिनिटांत दोनदा खोटे बोललो होतो. चाळीस वर्षांनी ते कबूल करायला हरकत नसावी, कारण या लेखाचे मूळ त्या खोटेपणातच आहे.

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ लागला होता. चित्रपट १९८४ चा; पण मुंबईत लागलेला चित्रपट मोठी गावे फिरत फिरत आमच्यापर्यंत यायला तेव्हा महिने लागत. येईपर्यंत प्रिंटवर पावसासारख्या रेघा पडलेल्या असत आणि एखादे रीळ हमखास मध्येच तुटे. तरी गर्दी व्हायची. तंबाखूच्या वखारीतली माणसे, कॉलेजची पोरे, बाजाराला आलेले खेडूत, सगळे रांगेत असत. मी बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि सिनेमाचा नाद भारी होता. माझ्यासोबत अक्काचा मुलगा होता. वय वर्षे नऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावहून मामाच्या गावाला आलेला.

पोस्टरवर ‘ए’ हे अक्षर होते आणि खाली कन्नडमध्ये ‘वयस्करिगे मात्र’ असे लिहिले होते. भाचा मराठी शाळेत जात असला तरी कन्नड अक्षरे जुळवून वाचायला शिकला होता. त्याने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, “मामा, वयस्करांना मात्र... काय?” प्रश्न रास्त होता. कन्नडमध्ये ‘वयस्क’ म्हणजे सज्ञान आणि ‘मात्र’ म्हणजे फक्त. मराठी कानाला ‘वयस्कर’ म्हणजे आजोबा, आणि ‘मात्र’ म्हटले की पुढे काहीतरी निराळे सांगायचे आहे. त्याला त्या पाटीवर एक अर्धे वाक्य दिसले. मी म्हटले, “म्हाताऱ्यांना मात्र भीती वाटते, असं लिहिलंय.” हे पहिले खोटे.

दुसरे दारावर. डोअरकीपरने तिकिटे फाडता फाडता पोराकडे पाहिले. “किती वरसाचा?” मी म्हटले, “पंधरा.” पोरगे माझ्या कमरेला लागत होते. शिवाय कायद्याला अठरा लागतात, म्हणजे माझे खोटेसुद्धा पुरणारे नव्हते. तो हसला. “होग्री, होग्री. रडलं तर भाईर घेऊन या म्हंजे झालं,” असे दोन्ही भाषांत सांगून त्याने पडदा बाजूला केला.

सामरीचे मुंडके ठेवलेली पेटी पडद्यावर आली तेव्हा भाच्याने माझ्या शर्टात तोंड खुपसले. ते चित्रपट संपेपर्यंत बाहेर काढले नाही. पण कान उघडे होते, आणि रामसेंच्या चित्रपटात डोळे मिटून सुटका होत नाही. अर्धे भय आवाजातच असते. त्या रात्रीपासून पोरगे परसात एकटे जाईना. ट्रंक ठेवलेल्या खोलीत झोपेना. दिवा मालवला की ओरडे. बेळगावला परतल्यावरही कित्येक महिने हेच चालले. अक्का मला तोंडावर एक शब्द बोलली नाही. फक्त पुढच्या दोन सुट्ट्यांत तिने त्याला निपाणीला पाठवले नाही.

चित्रपटातील हिंसा, भयपट आणि सेन्सॉर यांवर जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा मला अक्काचे ते न बोलणे आठवते. चर्चेत सगळे बोलतात. सरकार बोलते, निर्माते बोलतात, न्यायालये बोलतात, संस्कृतीचे राखणदार तर फारच बोलतात. अक्का त्यात कुठेच नसते. या लेखात तिची बाजू मांडायचा प्रयत्न करणार आहे. थोडा उशीर झाला आहे, हे मान्य.

*

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. निपाणीहून ४० किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि तिला पैशांचा आधार दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच चित्रपटातला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटे की प्रेक्षक किंकाळ्या फोडत आणि अखेर तो प्रसंग गाळावा लागला, हे मात्र कमी सांगितले जाते.

गंमत अशी की कीचकाला मारणे आपल्याकडे आधीही महाग पडले होते. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. कथा एकच, मरणारा एकच. नाटकात तो मेला ते सरकारला खुपले, कारण लोकांना अर्थ कळला. चित्रपटात तो मेला ते खुपले, कारण लोकांना तो मरताना दिसला. या दोन तक्रारी मुळात वेगळ्या आहेत. पहिली विचारावरची आहे आणि तिला दडपशाहीच म्हटले पाहिजे. दुसरी दृश्यावरची आहे आणि तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे: ते दृश्य कोणी पाहावे? पुढच्या शंभर वर्षांत आपण या दोन तक्रारींची सतत गल्लत केली, असे माझे मत आहे.

‘सैरंध्री’च्या प्रेक्षकांत मुले असणारच. पौराणिक चित्रपट म्हटल्यावर घरची सगळी मंडळी येतात. मुलांना घरी ठेवण्याची काही रीत असती तर पेंटरांना तो प्रसंग ठेवता आला असता का? १९२० साली हा प्रश्न कोणी विचारलाही नसेल, कारण तशी सोयच नव्हती. १९१८ च्या कायद्याने मंडळे नेमली गेली. पण चित्रपट एकतर सर्वांनी पाहायचा किंवा कोणीच नाही, अशी व्यवस्था होती. फक्त प्रौढांसाठी असे वेगळे प्रमाणपत्र यायला १९४९ साल उजाडावे लागले.

कोणी म्हणेल, हिंसा काय मुलांनी कधी पाहिली नव्हती? आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत दोड्डाट रात्रभर चालतो, खाली कोकणात दशावतार चालतो. नरसिंह हिरण्यकश्यपूचे पोट फाडतो आणि आईच्या मांडीवरची पोरे ते बघतात. खरे आहे. पण पहाटे तोच हिरण्यकश्यपू रंग पुसून देवळामागे चहा पीत बसलेला पोरांना दिसतो. त्या चहाच्या कपात भीतीचा उतारा असतो. सामरी चहा प्यायला बाहेर येत नाही. तो पोराच्या डोक्यात घर करून राहतो, आणि त्याला तिथून काढण्याचे काम अक्काच्या वाट्याला येते.

*

आता कायद्याकडे वळू. आजचा मूळ कायदा १९५२ चा. त्याखाली १९८३ पर्यंत दोनच वर्ग होते: ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठी. १९८३ मध्ये ‘यूए’ आणि ‘एस’ हे दोन वर्ग वाढले आणि मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन ‘प्रमाणन’ हा शब्द आला. नाव बदलले, पण हातातली कात्री सुटली नाही. लोकही आजवर सेन्सॉर बोर्डच म्हणतात, आणि लोकांचे चुकत नाही.

या कात्रीला सर्वोच्च न्यायालयात पहिले मोठे आव्हान दिले ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांच्या एका लघुपटाला ‘यू’ ऐवजी ‘ए’ देऊ केले, म्हणून ते न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेत बसते असे म्हटले. पण तपासणाऱ्यांना नेमके निकष हवेत आणि कलेला काय आवश्यक आहे व काय नाही यातला फरक त्यांना कळला पाहिजे, असेही बजावले. निकष कुणाच्या मापाने ठरवायचे, याचे उत्तर तर आपल्या नागपुरातच मिळाले होते. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या मापाने जोखायचा. दुबळ्या आणि डळमळत्या मनाच्या मापाने नव्हे. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेवर वाद झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून दाखवायला परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही बोस यांचेच माप वापरले.

हे माप मला मोलाचे वाटते. पण त्यात एक जागा रिकामी राहते. नऊ वर्षांचे मूल समंजस आणि खंबीर नसते. तसे नसण्याचा त्याला हक्कच आहे. मोठ्यांना मूल समजू नये, हे न्यायमूर्ती बोस यांनी सांगितले. मुलाला मोठे समजू नये, हे सांगण्याची जबाबदारी दारावरच्या माणसावर पडली, आणि दारावर काय होते ते मी पाहिले आहे.

सरकारी मार्गदर्शक सूचना पाहा. १९९१ च्या सूचनांचा आशय असा, की निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भय दाखवू नये. माणसाचे मन बोथट होईल असे काही दाखवू नये. उद्देशाबद्दल तक्रार नाही. पण ‘टाळता येण्याजोगे’ ठरवायचे कोणी? भयपटातले भय टाळायचे म्हणजे तमाशातली ढोलकी टाळण्यासारखे आहे.

कात्रीचा लहरीपणा बघायचा तर पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खूनसत्राचे उदाहरण पुरेसे आहे. १९७६-७७ मधल्या त्या खुनांनी अख्खा महाराष्ट्र हादरला होता. त्यावर राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट १९८६ मध्ये आला आणि लोकांनी पाहिला. त्याच घटनेवरून सुचलेला अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ २००१ साली मंडळापुढे अडकला, पुढे काटछाटीसह सुटला आणि तरी चित्रपटगृहांत कधी लागलाच नाही. प्रौढ माणसांनी तो पाहावा की नाही, हे ठरवायची संधी प्रौढांना मिळाली नाही. आणि इकडे निपाणीत नऊ वर्षांच्या मुलाला ‘ए’ चित्रपट पाहायची संधी आपसूक मिळाली होती. आमची सगळी व्यवस्था या दोन वाक्यांत आली.

*

हिंसक चित्रपट पाहून मुले हिंसक होतात, हा मुद्दा नेहमी पुढे येतो. त्याबद्दल १९९३ या एका वर्षाची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बालकाचा खून केला. देश सुन्न झाला. निकाल देताना न्यायाधीशांनी हिंसक व्हिडिओंचा उल्लेख केला आणि वर्तमानपत्रांनी ‘चाइल्ड्स प्ले ३’ या चित्रपटावर बोट ठेवले. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, अशी त्या मालिकेची कल्पना. त्या दोघांनी तो चित्रपट पाहिल्याचा पुरावा पोलिसांना मिळाला नव्हता. तरी आरडाओरडा इतका झाला की १९९४ मध्ये तिथला व्हिडिओंचा कायदा आणखी कडक केला गेला.

त्याच १९९३ मध्ये आपल्याकडे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. कल्पना तीच. गुंडाचा आत्मा, बाहुला, आणि मंत्र. रामदास पाध्ये यांच्या हातचा तो तात्या विंचू. निपाणीपासून खानापूरपर्यंत मराठी घरांतली पोरे तो पाहून आली आणि शाळेच्या मैदानावर एकमेकांना मंत्र घालत हिंडली. कोणी कोणाचा खून केला नाही. कन्नडमध्ये त्याच वर्षी उपेंद्र यांचा ‘श्श्!’ आला, त्यानेही आमच्या भागातली तरुण पोरे चांगलीच दचकली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

एकाच कल्पनेतून तिकडे दहशत निघाली, इकडे हसू निघाले. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चेहरा समोर असला की बाहुल्याची भीती अर्धी होते, ही कलेची बाब आहे. चित्रपटातले एखादे दृश्य उचलून ‘याने गुन्हे वाढतात’ म्हणणे सोपे आहे, सिद्ध करणे अवघड आहे. आणि या वादात एक गोष्ट बाजूला पडते. सरकारला काळजी असते ती मूल गुन्हेगार होईल याची. आईला काळजी असते ती मूल झोपेल का याची. पहिली काळजी कात्री मागते. दुसरीला कात्री लागतच नाही. तिला आधी माहिती लागते आणि मग दारावर एक शहाणा माणूस. माझा भाचा गुन्हेगार झाला नाही. तो अभियंता झाला. पण त्याची काही महिन्यांची झोप मी घालवली, आणि ती कोणत्याही अहवालात नोंदवलेली नाही.

*

भय वाईट असते असे मला म्हणायचे नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्या कंदिलाच्या उजेडात वाचून आमची पिढी वाढली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी कितीजणांना वाचनाची गोडी लावली. चांगले भय माणसाला स्वतःकडे पाहायला लावते. इथे ‘पुराना मंदिर’ आणि ‘तुंबाड’ यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. दोन्ही ‘ए’ प्रमाणपत्राचे. कागदावर दोघांचे अक्षर एकच, पण जात वेगळी.

‘पुराना मंदिर’मध्ये भय बाहेरून येते. राक्षस आहे, शाप आहे, हवेली आहे; त्रिशूळ मिळाला की संकट संपते. मध्येच ‘शोले’ची टर उडवणारे विनोदी कथानक येते, गाणी येतात. रामसे बंधूंना मी कमी लेखत नाही. मोजक्या पैशांत, आपल्या घरच्या माणसांना हाताशी धरून त्यांनी हा प्रकार हिंदीत रुजवला. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळी मंडळी घेऊन ते महाबळेश्वरला जाऊन राहिले होते. पण त्यांच्या चित्रपटातली हिंसा प्रेक्षकाला काही विचारत नाही. ती फक्त अंगावर येते.

‘तुंबाड’ २०१८ चा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाल्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नाव आठवण करून देते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची, आणि कथेचे बीज धारपांकडचे. भाषा हिंदी असली तरी वाडा, पाऊस, आजी, सावकारी, सगळे आपले. त्यातला हस्तर सामरीपेक्षा भयंकर दिसतो, आणि तरी खरे भय तो नाहीच. खरे भय विनायकरावाचा लोभ आहे. आणि चित्रपटाचा सर्वांत क्रूर प्रसंग, माझ्या मते, रक्ताचा नाही. विनायकराव आपल्या कोवळ्या पोराला, पांडुरंगाला, त्या विहिरीत उतरायची तालीम देतो, तो आहे. बाप मुलाला आपला धंदा शिकवतो आहे. प्रेमाने, काळजीने, आणि नरकात.

यातले एकही दृश्य कापले तर चित्रपटाचा प्राण जाईल. तरी तो मुलांनी पाहू नये, हे मंडळाचे म्हणणे मला पटते. कात्री न लावता दिलेले ‘ए’ हे कलावंताचाही मान राखते आणि अक्काचाही. ‘सैरंध्री’च्या वेळी जे जमले नव्हते ते इथे जमले. फक्त ते अक्षर वाचणारे कोणीतरी दारावर हवे.

*

आता आपल्या भागाची गंमत पाहा. चित्रपटाला प्रमाणपत्र देणे हा घटनेप्रमाणे केंद्राचा विषय. चित्रपटगृहाला परवाना देणे आणि ते नियमाने चालते की नाही हे पाहणे हा राज्याचा विषय. आमच्याकडे १९६४ चा कर्नाटकाचा कायदा आणि जिल्हा प्रशासन. मराठी किंवा हिंदी चित्रपटाचे प्रमाणपत्र बहुधा मुंबईचे, कन्नड चित्रपटाचे बेंगळुरूचे. त्यावरची भाषा हिंदी-इंग्रजी. पाटी कन्नड. प्रेक्षक मराठी. पडद्यावर ते प्रमाणपत्र काही क्षण येते तेव्हा आम्ही खुर्ची शोधत असतो. ‘ए’ चित्रपट अल्पवयीनाला दाखवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. मला पंचेचाळीस वर्षांच्या चित्रपट पाहण्यात दारावर वयाचा दाखला मागितलेला एकदाही आठवत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले: ७, १३ आणि १६ वर्षांवरील. ओटीटीसाठी अशीच वयाची प्रतवारी २०२१ च्या नियमांनी आधीच आली होती. पाऊल योग्य आहे. सात वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा यांना एका पारड्यात घालणे बरोबर नव्हतेच. पण नवीन कायदा असेही म्हणतो की ‘यूए’चा आकडा आईवडिलांच्या माहितीसाठी आहे, त्याचा अंमल दुसऱ्या कोणी करायचा नाही. म्हणजे डोअरकीपर सुटला. त्या जागेवर आता आपण उभे आहोत.

मग आपल्याला निदान माहिती तरी मिळाली पाहिजे. नुसता ‘१६’ हा आकडा मला काही सांगत नाही. रक्त आहे म्हणून सोळा, की मुलाचा छळ आहे म्हणून? इंग्लंडचे मंडळ वयाच्या अंकासोबत एक-दोन ओळींत कारणही देते. ओटीटीवर तसे शब्द कोपऱ्यात येतात, पण बहुधा इंग्रजीत. माझी मागणी लहान आहे. तिकिटाच्या खिडकीवर प्रमाणपत्राचे अक्षर आणि त्याचे कारण कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, साध्या शब्दांत लावावे. आपली स्थानिक दैनिके ‘आजचे चित्रपट’ छापतात. नावापुढे कंसात ते अक्षर छापायला किती शाई लागते? या कामाला कुठला आयोग लागत नाही. दोन्ही भाषांतल्या आया यावर एकमताने सही करतील, आणि आमच्या जिल्ह्यात दोन्ही भाषांचे एकमत होणारे विषय फार नाहीत.

*

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. भाच्याचा फोन आला. आता तो पन्नाशीला टेकला आहे. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसोबत तो चित्रपट पाहायचा होता. “त्यांना कोणी अडवलं नाही म्हणे. मामा, काय करू?”

मी म्हटले, “आधी आपण दोघं बघू.”

गेलो. बेळगावच्या एका चित्रपटगृहात आमच्या पुढच्या रांगेत दहा-बारा वर्षांची तीन मुले बसली होती, हातात पॉपकॉर्न घेऊन. विनायकराव पोराला विहिरीवर नेतो त्या प्रसंगाच्या वेळी भाचा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “मामा, तुम्ही मला असंच नेलं होतं की.” आवाजात राग नव्हता. मला मात्र पुढची दहा मिनिटे पडद्यावर काय चालले आहे ते कळले नाही. शेवटी पांडुरंग बापाचा वारसा नाकारतो, तेव्हा कुठे मी पुन्हा चित्रपटात आलो.

घरी त्याने मुलीला स्पष्ट सांगितले की अजून चार वर्षे नाही. पोरगी संतापली. “पप्पा, तुम्ही तर नऊ वर्षांचे असताना पाहिलात तसला पिक्चर! आजीनंच सांगितलंय.” भाच्याने तिला समोर बसवले आणि त्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली. परस, ट्रंक, दिवा, सगळे. मग चित्रपटाची गोष्टही सांगितली. लोभ काय आहे, आजीला साखळीने का बांधले आहे, मुलगा शेवटी काय करतो. तिने खूप प्रश्न विचारले. मी बाजूला बसून ऐकत होतो. कोपऱ्यात अक्का वाती वळत बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, कानाने कमी ऐकते. पण हे तिने ऐकले असावे, कारण जेवायला बसताना तिने माझ्या ताटात न मागता दुसरी पुरणपोळी वाढली.

पोरगी अजून रुसलेली आहे. कदाचित ती मोबाईलवर तो चित्रपट गुपचूप पाहीलही. तिथे दारच नाही तर डोअरकीपर कुठला असणार? पण पाहिलाच, तर तिला एक ठाऊक असेल: घाबरले तर कुणाजवळ येऊन सांगायचे. माझ्या भाच्याला १९८५ साली ते ठाऊक नव्हते, कारण ज्याच्याजवळ सांगायचे तोच त्याला घेऊन गेला होता.